देवळामागचा कोनाडा

आमच्या वस्तीत भाकरी थापायला बसण्याआधी प्रत्येक घरची बाई परातीतल्या पिठातून एक मूठ बाजूला काढायची. ते पीठ आठवडाभर गाडग्यात साठायचं आणि शनिवारी दिवस मावळायच्या आत फडक्यात बांधून देवळामागच्या कोनाड्यात ठेवलं जायचं. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती देऊळ. बाहेरचे लोक त्याला चर्च म्हणत, पण ती पत्र्याच्या छपराची एक मातीची खोली होती, अठरा फूट लांब आणि अकरा फूट रुंद, आणि घंटेच्या जागी कडुलिंबाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता. कोनाड्यात फडकं ठेवलं की मागे वळून बघायचं नाही. कोण नेतं हे विचारायचं नाही, आणि नेणाऱ्यानंही कुणाचं आहे हे विचारायचं नाही. सोमवारी रिकामी फडकी तिथंच घडी करून ठेवलेली मिळायची. पीठच का, दाणे का नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं. सगुणाबाई म्हणाल्या, "दाने घिऊन गरजवंत गिरणीवर गेला की सारं गाव विचारतंय, कुठून आनले गं? पिठाला कुणी विचारत न्हाई."

ही रीत सगुणाबाईंनीच घालून दिली होती. त्या बायबलबाई होत्या. तरुणपणी मिशननं त्यांना शिकवून आमच्या भागात पाठवलं, आणि वालूरच्या आजूबाजूच्या सात गावांत त्या पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवत, अक्षरं शिकवत, बाळंतपणं करत. पुढे मिशन गेलं, पगार थांबला, त्या मात्र राहिल्या. मी तेरा वर्षांची झाले तोवर त्यांची सत्तरी उलटली होती, मागेपुढे कुणी नव्हतं, आणि त्या कोनाड्यातलं पीठ त्याच नेत होत्या. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वाचणाऱ्याला मी ते आधीच सांगून टाकते, कारण यातली एक बाजू अजाणतेपणाची आहे आणि दुसरी नाही, आणि दोन्ही वेगळ्या दिसायला हव्यात.

आमची वस्ती अकरा घरांची, शिवाय देवळाला लागून सगुणाबाईंची एक खोली. आमचं घर देवळाला सगळ्यात जवळ, चाळीस पावलांवर. घरात माय, बाप, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ, दानियल आणि शमुवेल. माझं शाळेतलं नाव एस्तेर. घरी आणि वस्तीत सगळे इस्तर म्हणत. सकाळी पहिला आवाज मायच्या भाकरी थापण्याचा, मग गिरणीचा टुकटुक, मग पलीकडच्या धनगरवाड्यातून मेंढ्या बाहेर पडण्याचा. जेवायला भाकरी आणि येसराची आमटी, हिवाळ्यात अंबाडीची भाजी, आणि काही नसलं की ज्वारीच्या कण्या. माय मूठ काढायची तेव्हा तिचा हात पिठात मनगटापर्यंत जायचा. ती मूठ सैल नसायची. तिच्या दीड मुठीत एक भाकर व्हायची, हे मी करून बघितलेलं आहे. मला लहानपणापासून मोजायची खोड. आता परभणीत एका शाळेत लिपिकाचं काम करते, घर चालवते, तिथंही तीच खोड कामाला येते. तेव्हा त्या खोडीचं घरात कौतुक होतं.

रविवारी दुपारी सगुणाबाई बायका-पोरींना लिंबाखाली बसवून गोष्टी सांगायच्या. प्रभू गावोगाव फिरत होता आणि बरोबर बारा शिष्य होते हे सगळ्यांना माहीत असतं. त्या विचारायच्या, "मंग त्येंला जेवू कोन घालीत होतं? बारा बाप्ये हायेत. कुनाला चूल पेटवता येत होती का?" बायका हसायच्या. मग त्या नावं सांगायच्या: मग्दालाची मरीया, योहान्ना जिचा नवरा राजाचा कारभारी होता, आणि सुसान्ना. आणि इतर पुष्कळजणी. आपल्याजवळ जे होतं त्यातून त्यांनी ते काम चालवलं. मी विचारलं, "बाई, इतर म्हंजे किती?"

"मोजल्या न्हाईत."

"का न्हाई मोजल्या?"

"लिवनारा बाप्या होता," सगुणाबाई म्हणाल्या, आणि शेजारची म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग गंभीर होऊन त्या म्हणाल्या, "आन बरंच झालं. ज्येनं दिलं त्येचं नाव झालं की घेनाऱ्याची मान खाली जाती." यावरूनच कोनाड्याचा नियम आला होता. त्या नियमाच्या बाहेर त्या स्वतः कधी गेल्या नाहीत.

त्या वर्षी दसऱ्यानंतर माय आणि बाप ऊसतोडीला गंगाखेडकडे गेले. वस्तीतली सात घरं लेकराबाळांसकट अख्खी गेली. आमच्यासकट उरलेल्या चार घरांत मोठी माणसं जवळपास नव्हतीच. मुकादमाच्या गाडीत तरणेताठे चढले आणि मागे आमच्यासारख्या पोरी धाकट्या भावंडांना घेऊन राहिल्या. आमच्या शेजारी रुती होती, माझ्याच वयाची, तिच्याकडे तीन भावंडं आणि एक आंधळी आजी. गाडीत चढताना मायनं मला तीन गोष्टी सांगितल्या. शमूला विहिरीवर जाऊ द्यायचं नाही. रॉकेल जपून वापरायचं. आणि मूठ चुकवायची नाही. "शनवारी कोनाड्यात ठिवून यायचं. कोन नेतंय बगायचं न्हाई," ती म्हणाली. मी मान हलवली. कोण नेतं हे तिला पक्कं माहीत होतं. बायकांना सगळ्यांनाच माहीत असावं. पण सांगायचं नाही हा नियम तिनं मुकादमाची गाडी हॉर्न देत असतानाही मोडला नाही.

मागे ठेवलेल्या ज्वारीचा मी पहिल्याच आठवड्यात हिशोब केला. आमच्या तिघांना दिवसाला सात भाकरी लागत. मी सकाळी एकदाच सगळ्या थापून ठेवायची. ज्वारी जेवढी होती तिच्या अंदाजे नऊशे भाकरी झाल्या असत्या. म्हणजे एकशे अठ्ठावीस दिवस. माझी मूठ लहान, दोन मुठींना एक भाकर. रोज एक मूठ काढली तर एकशे वीस दिवस. आठ दिवसांचा फरक. माय-बाप नेमके कधी येतील हे कुणालाच माहीत नव्हतं. कारखाना बंद होईल तेव्हा, एवढंच. शेवटचे आठ दिवस दोन भावांना काय घालायचं हा प्रश्न मला भाकरी थापताना रोज पडायचा, आणि रोज मी मूठ काढायची.

पाच आठवडे काढली. सहाव्या आठवड्यात पाळकसाहेब आले. ते सेलूला राहत, फटफटीवर महिन्यातून एकदा येत, आणि ज्या घरची पाळी असेल त्या घरी जेवत. त्या वेळी पाळी आमची होती. माणूस भला होता, अंगानं गोल, बोलायला गोड. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथीला "अर्धीच दे गं एस्तेर" म्हणाले. मी पूर्ण दिली आणि त्यांनी ती संपवली. त्या दिवशी मी आणि दानियलनं कण्या खाल्ल्या. संध्याकाळी ते निघाले तेव्हा फटफटीच्या मागे एक पिशवी बांधत होते, येताना रिकामी असलेली. दोन हातांनी उचलावी लागत होती. वार शनिवार होता. मी सकाळीच कोनाड्यात फडकं ठेवून आले होते.

त्या पिशवीत देवळातली गीतांची फाटकी पुस्तकं होती. सेलूला बांधणीला न्यायची होती. हे मला दोन महिन्यांनंतर कळलं, पुस्तकं बांधून परत आली तेव्हा. पण त्या संध्याकाळी मी दोन आणि दोन चार केले आणि ते मला इतके बरोबर वाटले की पुन्हा मांडून बघितले नाहीत. रविवारपासून मी मूठ बंद केली.

विहिरीवर रुतीला सांगितलं. ती म्हणाली, "कोनाड्यातलं पीठ पाळकसाहेब नेतेत? काय बी बोलायलीस."

"मी पिशवी बगितली. एवढी."

"अगं पन माय म्हनली व्हती..."

"तुज्या मायला गंगाखेडात भाकर मिळायली. तुला चौघांना घालायचंय. त्येंचं पोट बगितलंस का?"

रुती हसली. पुढच्या शनिवारी तिनं फडकं ठेवलं नाही. तिच्याकडून उरलेल्या दोन घरच्या पोरींना कळलं, आणि तिसऱ्या शनिवारी कोनाडा रिकामा राहिला. चार घरांच्या आठवड्याला अठ्ठावीस मुठी यायच्या, आमच्या पोरींच्या लहान मुठी. अठ्ठावीस मुठींच्या चौदा भाकरी. म्हणजे सगुणाबाईंना दिवसाला दोन मिळत होत्या. नंतर त्या कमी होत गेल्या आणि मग थांबल्या. हे गणित मी त्या वेळी केलं नाही, कारण दुसऱ्या बाजूला कुणी माणूस आहे हेच माझ्या मनात नव्हतं. नंतर फार वेळा केलंय.

थंडी पडली होती. सगुणाबाई रोज सकाळी रुळाच्या तुकड्यावर दगडानं तीन टोले द्यायच्या आणि एकट्याच देवळात बसून प्रार्थना करायच्या. टोल्यांचा आवाज बारीक झाला होता हे मला आठवतं. मी समजले, वारा उलटा असेल. एक दिवस ऊन वर आल्यावर त्या आमच्या दारात आल्या. मी नुकत्याच सात भाकरी थापून टोपल्यात ठेवल्या होत्या. घरात भाकरीचा वास होता. त्या उंबऱ्याच्या बाहेर टेकल्या, लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढून.

"सलाम बाई," मी म्हणाले. आमच्यात सलामच करतात.

"सलाम. काय करायलीस?"

"झाला सैपाक."

"पोरं बरी हायेत का?"

"बरी हायेत."

मग त्या हातांकडे बघत बसल्या. मी म्हणाले, "बाई, जेवता का?"

"न्हाई गं. जेवूनच आले."

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आलेल्या माणसाला जेवायचं एकदा विचारायचं नसतं. पहिल्यांदा तो जेवून आलो म्हणतो. दुसऱ्यांदा भूक न्हाई म्हणतो. तिसऱ्यांदा तुम्ही ताट वाढून समोर ठेवता आणि म्हणता, दोन घास तरी, आणि मग तो जेवतो, पोट भरलेलं असो वा रिकामं. पहिल्या नकाराला कुणीही खरं मानत नाही. पाच वर्षांचं लेकरूसुद्धा मानत नाही. मला हे पक्कं माहीत होतं. माझ्यामागे टोपल्यात सात भाकरी होत्या, आणि त्यातली एक गेली तर तीन पोटांना सहा, हेही मला माहीत होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

त्या जरा वेळ बसल्या. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, मी मोजला नाही. मग दाराच्या चौकटीला धरून उठल्या, "प्रभू तुमाला भरपूर देवो" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांचं असं म्हणणं नेहमीचं होतं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं.

पाचव्या दिवशी टोले पडले नाहीत. धनगरवाड्यातली कोंडाबाई मेंढ्या घेऊन चालली होती, तिनं हाक मारली, उत्तर आलं नाही म्हणून दार ढकललं, आणि मग ती ओरडत आमच्या दारात आली. सगुणाबाई भिंतीकडे तोंड करून निजलेल्या होत्या. अंग थंड होतं. उशाशी शास्त्राचं पुस्तक आणि तांब्या, चूल कोरडी. राखेत बोट घातलं तर राख जुनी, गार.

वस्तीत बाया नव्हत्या. अंघोळ कुणी घालायची हा प्रश्न आला तेव्हा कोंडाबाईच पुढे झाली. ती आमच्या धर्माची नव्हती, पण तिची दोन्ही बाळंतपणं सगुणाबाईंनी केली होती. मी आणि रुती पाणी ओतत होतो. कोंडाबाईनं त्यांचा दंड उचलला, आणि तो इतका सहज वर आला की ती थांबली.

"हिला कुनी जेवू घालत न्हवतं का गं?" ती म्हणाली.

मी पाणी ओतत राहिले.

"तुमच्या देवळामागून शनवारी फडक्यात बांधून आनायची की. मी मेंढरं आनताना दर खेपी बगत होते. म्हयना झाला, रिकाम्या हातानं यायची. चार दिसाखाली माज्याकडं ताक मागितलं. तांब्याभर दिलं. मला वाटलं, म्हातारीला ताकाची तलफ आली आसंल." मग ती एकदम चिडली. "तुमच्याच मानसाला तुमी बगत न्हाई, काय गं पोरीहो?"

बघायचं नाही हा आमचा नियम होता. कोंडाबाईला तो लागू नव्हता, म्हणून एकट्या तिला दिसलं. रुतीनं माझ्याकडे बघितलं, तिच्या हातातला तांब्या खाली पडला आणि पाणी सगळं शेणाच्या जमिनीवर पसरलं. मी तो उचलून परत भरला.

पाळकसाहेब सेलूहून आले. त्यांनी माती दिली. ते रडले, त्यांना सगुणाबाईंनीच लहानपणी अक्षरं शिकवली होती. "वय झालं होतं, थंडीनं घेतलं," ते म्हणाले. त्या भुकेनंच गेल्या असं मी इथं लिहिणार नाही, कारण ते मला सिद्ध करता येणार नाही. ताप होता, छाती भरली होती असं कोंडाबाई म्हणाली, सत्तरीच्या पुढचं शरीर होतं. पण चूल थंड होती, आणि चाळीस पावलांवर सात भाकरी होत्या.

माय-बाप एकशे सोळाव्या दिवशी आले. कारखाना आधीच बंद झाला. पोत्यात ज्वारी उरली होती. माय घरात येऊन बसायच्या आधी मी तिला मुठीचं सांगितलं. पाळकसाहेबांच्या पिशवीचं सांगितलं, रुतीला मीच बोलले हेही सांगितलं. दारातलं सांगितलं नाही. माय भुईवर बसली. तिच्या हातांना उसाच्या पानांनी चरे पडले होते. ती म्हणाली, "तू लेकरू. तुला काय ठावं."

पुढच्या रविवारी सगळी घरं परत आली होती. अकरा फुटांच्या त्या खोलीत बाया दाटीनं बसल्या. सगुणाबाई थकल्यापासून बायकांची प्रार्थना माय करायची. तिला बोलता यायचं, शब्द सुचायचे. त्या दिवशी ती उभी राहिली आणि प्रार्थना न करता म्हणाली, "बाईंचा जीव माज्यामुळं गेला. मूठ कुनाला जाती हे मी लेकराला सांगितलं न्हाई. जाताना एक शबूद बोलले आसते तर त्या आज असत्या. चूक माजी हाय. पोरीचं कुनी नाव घिऊ नगा." एक म्हातारी "असू द्या, असू द्या" म्हणाली. मी तिसऱ्या ओळीत होते. उठून एक वाक्य बोलायचं होतं: बाई माझ्या दारात आल्या होत्या. मी बसून राहिले.

त्यानंतर मायनं चारचौघांत कधी प्रार्थना केली नाही. पाळकसाहेब म्हणायचे, "शांताबाई, तुमी करा," ती नाही म्हणून मान हलवायची, आणि दुसरी कुणी तरी उठायची. मूठ काढणं तिनं सोडलं नाही. नियम तेवढा बदलला: कुणाला जातं ते बाया आता एकमेकींना सांगू लागल्या, आणि त्यापायी दोघी गरजू बायांनी घेणंच बंद केलं. तेही मी बघितलं.

तीन वर्षांपूर्वी माय परभणीत माझ्याकडे असताना गेली. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तिचे पाय चेपत असताना मी म्हणाले, "माय, सगुणाबाई आपल्या दारात आल्या होत्या. जायच्या पाच दिस आधी."

"आल्या असनारच," ती म्हणाली. डोळे मिटलेले होते. "दुसऱ्या कुनाच्या दारात गेल्या असत्या? आपलं दार पयलं."

"मी एकदाच विचारलं त्येंना."

तिचा दुसरा पाय मांडीवर घेत मी विचारलं, "तुला म्हाईत होतं तर मंग तू का उभी ऱ्हायलीस?"

"तुजं लगीन व्हायचं होतं. बाईचं नाव एकदा असं झालं की पुसत न्हाई." ती थांबली, तिला धाप लागायची. "पन मला वाटलं, मी बसले की तू उठशील. लय वेळ तशीच बगत होते मी तुज्याकडं. मंग दर रविवारी बगायचे."

"किती दिवस?"

"मोजले न्हाईत," ती म्हणाली. "तुजं लगीन झालं, तू इकडं आलीस, तवा सोडलं."